ह्यूमरचा ‘ह’ मातीतला नाही

प्रश्न असा आला आहे: एका व्याख्यानात वक्त्याने सांगितले की ह्यूमन, हंबल आणि ह्यूमर हे तिन्ही इंग्रजी शब्द ‘माती’ या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दापासून निघाले, म्हणून ज्याचे पाय मातीला लागलेले असतात तोच खरा हसू शकतो. हे खरे आहे का? आणि खरे नसेल तर विनोदाला ह्यूमर का म्हणतात?

पहिले दोन शब्द मातीतले आहेत. ह्यूमर पाण्यातला आहे. त्याच्या डोक्यावरचा ‘ह’ नंतर चिकटलेला आहे, आणि त्या एका अक्षरामुळेच हा गोंधळ वर्षानुवर्षे चालू आहे.

आधी मातीचे घराणे पाहू. लॅटिनमध्ये ‘हुमुस’ म्हणजे भूमी. त्यापासून ‘हुमिलिस’, म्हणजे जमिनीलगतचा, ठेंगणा, आणि त्यापासून इंग्रजी हंबल. ‘हूमानुस’ म्हणजे मानवी, तोही याच कुळातला मानतात: स्वर्गातल्या देवांहून वेगळा असा भूमीवरचा जीव. या कुळाचे सोयरे आपल्या भाषेतही आहेत. संस्कृतात पृथ्वीला ‘क्षमा’ म्हणतात ती, आणि फारसीतून मराठीत येऊन सातबाऱ्यावर बसलेली ‘जमीन’, ही दोन्ही त्याच प्राचीन मुळाची. वक्त्याला उदाहरण हवे होते तर ह्यूमन आणि जमीन ही जोडी कितीतरी सुंदर होती.

आता ह्यूमर. अभिजात लॅटिनमध्ये हा शब्द ‘ऊमोर’ असा लिहीत, ‘ह’शिवाय. अर्थ: ओल, ओलावा, द्रव. ‘ऊमेरे’ म्हणजे ओले असणे आणि ‘ऊमिदुस’ म्हणजे दमट. पावसाळ्यात हवामानाच्या बातमीत आपण ज्या ह्यूमिडिटीबद्दल ऐकतो ती याचीच सख्खी बहीण. ग्रीकमधला सोयरा ‘हुग्रोस’, म्हणजे ओला. हवेतली आर्द्रता मोजणाऱ्या हायग्रोमीटरचे नाव त्यावरून पडले. (ग्रीकमध्ये शब्दारंभीच्या ‘उ’ला हकाराचा उच्चार लागतोच. तो त्या भाषेचा वेगळा नियम आहे, लॅटिनच्या ‘ह’शी त्याचा संबंध नाही.) संस्कृतात याच मुळाचा धातू ‘उक्ष्’ म्हणजे शिंपणे असे व्युत्पत्तिकार मानतात, आणि तो मराठीत रोज वापरात आहे. पूजेच्या वेळी दर्भाने पाणी शिंपडून शुद्धी करतात त्याला आपण प्रोक्षण म्हणतो. प्र अधिक उक्षण. म्हणजे ह्यूमरचा मराठीतला जवळचा नातेवाईक शोधायचा असेल तर तो हास्यात सापडणार नाही, गुरुजींच्या पळी-पंचपात्रात सापडेल.

मग ‘ह’ आला कुठून? रोमन लोकांच्या बोलण्यातून ‘ह’चा उच्चार फार लवकर गळू लागला होता. उच्चार गेला की लिहिताना पंचाईत होते: कुठे ‘ह’ आहे आणि कुठे नाही हे कानाला कळेनासे होते, आणि शिकलेले दिसण्यासाठी माणसे नको तिथेही तो घालू लागतात. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या कातुल्लुस या कवीने याच खोडीवर एक कविता लिहिली आहे. त्याच्या कवितांच्या क्रमात ती चौऱ्याऐंशीवी. त्यातला आरियुस नावाचा गृहस्थ ‘इन्सिदियास’ला छाती फुगवून ‘हिन्सिदियास’ म्हणतो. तो सीरियाला गेला तेव्हा सगळ्यांच्या कानांना विसावा मिळाला. आणि मग बातमी आली की आयोनियन समुद्र आता आयोनियन राहिला नाही, ‘हियोनियन’ झाला आहे. दोन हजार वर्षांनंतरही या कवितेला हसू येते, आणि भाषेच्या अभ्यासकाला त्यातून त्या काळच्या उच्चाराचा पुरावाही मिळतो.

‘ऊमोर’च्या बाबतीत आणखी एक ओढ होती. ओल आणि माती एकमेकांना सोडून नसतात, त्यामुळे ‘हुमुस’शी नाते असावे असे लिहिणाऱ्यांना वाटले आणि ‘हूमोर’ असे लेखन रूढ झाले. म्हणजे व्याख्यानातल्या वक्त्याने केलेली जोडणी नवी नाही. इटालियन भाषेने मात्र ‘ह’ टाकून दिला. तिथे आजही ‘ऊमोरे’च लिहितात.

दंडाच्या हाडाला डॉक्टर ह्यूमरस म्हणतात, तिथेही हेच घडले आहे. मूळ लॅटिन ‘उमेरुस’, म्हणजे खांदा, आणि संस्कृतातला ‘अंस’ त्याचा सोयरा. ‘ह’ उपरा. त्यामुळे ह्यूमरस आणि ह्यूमरस, म्हणजे हाड आणि विनोदी, हे इंग्रजीत कानाला एकसारखे लागले तरी त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कोपराला धक्का लागला की मुंग्या येतात त्या जागेला ‘फनी बोन’ म्हणतात, त्यामागे हीच कोटी असावी असा तर्क अनेकांनी केला आहे.

आता खरा अवघड भाग. ओल या अर्थाच्या शब्दापासून विनोदापर्यंत रस्ता कसा जातो? तो वैद्यकातून जातो.

हिपोक्रेटिस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या नावावर असलेल्या ग्रंथांत मानवी प्रकृतीवरचा एक ग्रंथ आहे. तो त्याचा जावई पॉलिबस याने लिहिला असे मानतात. त्यात सांगितले आहे की शरीरात चार द्रव असतात: रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त. ते योग्य प्रमाणात मिसळलेले असले की आरोग्य, एखादा वाढला किंवा वेगळा पडला की रोग. या द्रवांना ग्रीकमध्ये ‘खुमोस’ म्हणत, म्हणजे रस. हा शब्द ‘ओतणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे, आणि त्या धातूचे संस्कृत रूप म्हणजे ‘हु’: अग्नीत ओतणे, त्यावरून होम, हवन, आहुती. लॅटिन लेखकांनी ग्रीक ‘खुमोस’साठी आपला ‘ऊमोर’ वापरला आणि तिथून या शब्दाचे नशीब बदलले. विहिरीच्या आणि ढगाच्या पाण्याचा शब्द माणसाच्या आतल्या रसांचा झाला.

आपल्याला हे ओळखीचे वाटते, कारण वात-पित्त-कफ आपल्या बोलण्यात मुरलेले आहेत. पण इथे घाई करू नये. आयुर्वेदात दोष तीन आणि त्यातला वात हा द्रव नाही. ग्रीक मांडणीत रस चार आणि चारही द्रव. साम्य आहे, पण कोणी कोणाकडून घेतले हे साम्यावरून ठरत नाही.

दुसऱ्या शतकात पर्गामम इथे जन्मलेल्या गॅलेन या ग्रीक वैद्याने ही मांडणी पक्की केली आणि उष्ण-शीत, आर्द्र-शुष्क या गुणांशी तिचा मेळ घातला. पुढे याच परंपरेतून चार स्वभाव निघाले. रक्त जास्त तो उत्साही, कफ जास्त तो थंड, पिवळे पित्त जास्त तो तापट, काळे पित्त जास्त तो उदास. इंग्रजीत सँग्विन, फ्लेग्मॅटिक, कॉलरिक आणि मेलँकॉलिक हे चारही शब्द अजून जिवंत आहेत. मेलँकॉलीचा शब्दशः अर्थच काळे पित्त. पित्ताचा ग्रीक शब्द ‘खोले’ हा पिवळ्या-हिरव्या रंगाच्या मुळाचा, संस्कृत ‘हरि’, ‘हरित’ यांच्या कुळातला. हरिद्रा म्हणजे आपली हळद त्याच कुळातली. व्युत्पत्तीत असे काही हाती लागले की मला अजूनही पहिल्या दिवसासारखा आनंद होतो.

गॅलेनचे विचार लॅटिन युरोपात पोहोचले त्यातले पुष्कळसे अरबीमार्गे. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इस्हाकने गॅलेनचे ग्रंथ सिरियाक आणि अरबीत आणले. इब्न सीना या वैद्य-तत्त्वज्ञाने त्यावर आपला वैद्यकाचा महाग्रंथ उभा केला. बाराव्या शतकात टोलेडोत क्रेमोनाच्या जेरार्डने तो लॅटिनमध्ये नेला. या अरबी वैद्यकात रसांच्या मिश्रणाला ‘मिजाज’ म्हणत. शब्दाचा मूळ अर्थच मिश्रण. लॅटिन ‘तेम्पेरामेन्तुम’, म्हणजे इंग्रजीतला टेम्परामेंट, याचाही अर्थ मिश्रणच. हा मिजाज फारसीतून आपल्याकडे आला, त्याची मराठीत मिजास झाली आणि अर्थ ‘स्वभाव’वरून ‘तोरा’कडे सरकला. एखाद्याची मिजास उतरवतो असे आपण म्हणतो तेव्हा त्या वाक्यात गॅलेनच बोलत असतो. इंग्रजी ह्यूमर आपल्या शाळेत यायच्या आधीच त्याच्या सिद्धान्ताची दुसरी शाखा मराठीत नांदत होती. हे नाते मला या सगळ्या प्रकरणातले सगळ्यात मोलाचे वाटते, आणि ते फारसे कोणी सांगत नाही.

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकात फ्रेंचकडून आला, आणि वैद्यकाचा अर्थ घेऊनच आला. त्याच शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या ‘कँटरबरी टेल्स’मधल्या यात्रेकरूंमध्ये एक वैद्य आहे. कोणताही आजार उष्ण की शीत, ओला की कोरडा, आणि कोणत्या ‘ह्यूमर’चा, हे त्याला अचूक कळते. याच ग्रंथात कोंबडा-कोंबडीची गोष्ट आहे. कोंबड्याला भीतिदायक स्वप्न पडते, तो ते गंभीरपणे सांगतो, आणि कोंबडी त्याला समजावते की हे सगळे पित्त वाढल्याचे लक्षण आहे, पोट साफ होण्याचे औषध घे. आजचा वाचक या प्रसंगाला विनोदी म्हणेल. चॉसरलाही हसवायचेच होते. पण त्याच्या इंग्रजीत ह्यूमर हा शब्द त्या हसण्याचा नव्हे, कोंबड्याच्या पित्ताचा होता.

यानंतर दोनेक शतकांत अर्थ हळूहळू सरकला. रस म्हणजे द्रव. मग त्या द्रवामुळे झालेली मनाची अवस्था. मग कोणतीही मनाची अवस्था, लहर, तंद्री. ‘गुड ह्यूमर’ आणि ‘बॅड ह्यूमर’ इथले. एखाद्याच्या कलाने घेणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापद ‘टू ह्यूमर’ इथलेच. त्यात विनोद शोधू नये.

सोळाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत लंडनमध्ये हा शब्द फॅशनचा झाला. जो तो आपल्या लहरीला ह्यूमर म्हणू लागला. शेक्सपिअरच्या ‘मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’ या १६०२ साली छापल्या गेलेल्या नाटकात निम नावाचे पात्र आहे, त्याच्या तोंडी हा शब्द इतका बसला आहे की जवळजवळ प्रत्येक वाक्यात तो काढतो. त्या काळच्या प्रेक्षकाला ती नक्कल लगेच ओळखू येत असणार.

पण हा शब्द रंगभूमीवर खऱ्या अर्थाने उभा केला तो नाटककार बेन जॉन्सनने. त्याचे ‘एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर’ १५९८ साली रंगमंचावर आले. त्यात काम करणाऱ्या नटांच्या यादीत शेक्सपिअरचे नाव आहे. पुढच्याच वर्षी ‘एव्हरी मॅन आउट ऑफ हिज ह्यूमर’ आले. त्याच्या प्रास्ताविक प्रवेशात जॉन्सनने एका पात्राकडून शब्दाची व्याख्याच करवून घेतली आहे. आधी ते पात्र म्हणते की ज्याला प्रवाहीपणा आणि ओलावा आहे, जे स्वतःला आवरून धरू शकत नाही, ते ह्यूमर: हवा आणि पाणी. मग तोच शब्द उपमेने स्वभावाला लागतो. एखादा विशिष्ट गुण माणसाचा असा ताबा घेतो की त्याच्या सगळ्या भावना आणि शक्ती एकाच दिशेला वाहू लागतात, तेव्हा त्याला खरा ह्यूमर म्हणावे. आणि लगेच इशारा: टोपीत रंगीबेरंगी पीस खोवले म्हणून कोणाला ह्यूमर आहे असे म्हणणे हास्यास्पद आहे.

‘वाहणे’ हा शब्द जॉन्सनच्या व्याख्येत अजून शाबूत आहे याकडे लक्ष द्या. द्रव अजून द्रवच आहे, पण आता तो स्वभावाचा आहे. आणि असा एकाच बाजूला वाहणारा माणूस रंगमंचावर आणला की लोक त्याला हसतात. शब्द हास्याच्या दारात पोहोचला तो या वळणावर. अजून ह्यूमर म्हणजे हसवण्याची कला नव्हे. ज्याला हसावे असा स्वभावदोष, मराठीत सांगायचे तर खूळ. ‘ह्यूमरिस्ट’ म्हणजेही त्या काळात असे खूळ असलेला माणूस, विनोदी लेखक नव्हे.

पुढचा टप्पा सतराव्या शतकाच्या अखेरचा. १६९० साली विल्यम टेंपलने काव्यावरच्या निबंधात असा दावा केला की नाटकातला ह्यूमर हा इंग्रजांचाच विशेष आहे आणि हा शब्दही त्यांच्याच भाषेचा आहे. १६९५ साली नाटककार विल्यम काँग्रीव्हने समीक्षक जॉन डेनिसला या विषयावर एक दीर्घ पत्र लिहिले. त्याच्या मते ह्यूमर म्हणजे बोलण्या-वागण्याची अशी एक खास, टाळता न येणारी रीत, जी एकाच माणसाची असते आणि त्याला इतरांपासून वेगळे काढते. इथे दोषाचा सूर मवाळ झाला आहे. जॉन्सनच्या काळी खूळ काढून टाकायचे असे. काँग्रीव्हच्या काळी ते माणसाची ओळख झाले.

याच सुमाराला, १६८०च्या दशकापासून, ‘गंमतीदारपणा’ हा अर्थही लेखनात दिसू लागतो. १७११ साली निबंधकार ॲडिसनने ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकात ह्यूमरची वंशावळ दिली: सत्याचा पुत्र सद्बुद्धी, तिचा पुत्र विट म्हणजे चातुर्य, विटने मर्थ म्हणजे आनंद नावाच्या स्त्रीशी लग्न केले आणि त्यांचे अपत्य ह्यूमर. त्यात रसांचे नाव नाही. वैद्यकाशी नाळ तुटल्याची ही खूण. १७४४ साली कॉर्बिन मॉरिस नावाच्या लेखकाने विट आणि ह्यूमर यांची मापे ठरवणारा निबंध लिहिला. त्यात एक बारीक भेद आहे: एक तो माणूस ज्याच्यात खूळ आहे, आणि दुसरा तो ज्याला दुसऱ्याचे खूळ रंगवून दाखवता येते. सगळी कलाटणी या भेदात आहे. अर्थ ज्याला हसायचे त्याच्याकडून जो हसवतो त्याच्याकडे गेला. एकोणिसाव्या शतकात ‘सेन्स ऑफ ह्यूमर’ हा प्रयोग रुळला, तेव्हा ह्यूमर हा चांगल्या माणसात असायलाच हवा असा गुण झाला होता.

विटचे सांगतो, कारण दोघांची नावे नेहमी जोडीने घेतात. विट म्हणजे मुळात जाणणे, ज्ञान. संस्कृत ‘विद्’, वेद, विद्या यांचा तो सोयरा. पण म्हणून विदूषकही ‘विद्’पासून आला असे म्हणू नका. विदूषक वि अधिक ‘दुष्’पासून, म्हणजे नावे ठेवणारा, दूषण देणारा. आवाज जुळला म्हणून नाते जुळत नाही. ह्यूमर आणि ह्यूमनचा घोटाळा याच जातीचा आहे.

फ्रेंचांचे काय झाले? त्यांचा जुना शब्द ‘ह्यूमर’ म्हणजे मनाची अवस्था, तो त्यांच्याकडे तसाच राहिला. विनोदाच्या अर्थाचा शब्द त्यांनी अठराव्या शतकात इंग्रजीकडून परत घेतला. आज फ्रेंचमध्ये दोन वेगळ्या स्पेलिंगचे दोन वेगळे शब्द आहेत: एक घरचा, लहरीचा; एक परतून आलेला, हास्याचा.

आणि ‘ह’? इंग्रजीत तो लिहीत असत, पण उच्चारीत नसत. जॉन वॉकरच्या १७९१ सालच्या उच्चारकोशात ज्या शब्दांत ‘ह’ मूक आहे त्यांच्या यादीत अवर आणि ऑनेस्टच्या जोडीला ह्यूमर आणि हंबलही आहेत. म्हणजे तेव्हा सुशिक्षित इंग्रज ‘यूमर’ म्हणत. पुढे शाळा वाढल्या, छापील अक्षर पाहून बोलण्याची सवय वाढली, आणि रोमन काळात चुकून लागलेला ‘ह’ अखेर तोंडात आला. अमेरिकेतला ‘यू’ गाळलेला स्पेलिंगचा प्रकार नोआ वेब्स्टरने १८२८च्या कोशात पक्का केला. त्याने लॅटिनला जवळचे रूप निवडले.

जुना अर्थ पूर्ण मेलेला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरला विचारा: बुबुळामागचा पातळ द्रव तो ॲक्वियस ह्यूमर आणि नेत्रगोल भरून टाकणारा घट्ट द्रव तो व्हिट्रियस ह्यूमर. रक्तातल्या प्रतिपिंडांनी मिळणाऱ्या संरक्षणाला ‘ह्यूमोरल’ प्रतिकारशक्ती म्हणतात, तेही द्रवावरूनच.

संस्कृतात रस म्हणजे उसाचा रस आणि रस म्हणजे हास्य, करुण, वीर असा काव्यातला अनुभव. द्रवापासून मनाकडे जाण्याची ही वाट दोन्हीकडे स्वतंत्रपणे चालली गेली आहे. आपला ‘विनोद’ मात्र वेगळ्या वाटेने आला: वि अधिक ‘नुद्’, दूर ढकलणे, म्हणजे शीण घालवणे, मन रमवणे. ‘काव्यशास्त्रविनोदेन कालो गच्छति धीमताम्’ या सुभाषितात विनोद म्हणजे हशा नव्हे, मन रमवणे.

भाषांतर करणाऱ्यांनी आणि कोश पाहणाऱ्यांनी एवढे सांभाळावे, कारण याच जागी मी सर्वांत जास्त चुका पाहिल्या आहेत. चॉसरच्या काळातल्या मजकुरात ह्यूमर आला तर मराठीत रस किंवा दोष लिहावे. जॉन्सनच्या नाटकाच्या शीर्षकाचे ‘प्रत्येकजण आपल्या विनोदात’ असे भाषांतर झाले तर ते साफ चुकीचे. तिथे ‘खूळ’ किंवा ‘छंद’ बसतो, आणि ‘जो तो आपल्या खुळात’ असे म्हटले की नाटक लगेच कळते. काँग्रीव्हसाठी ‘स्वभावाची खास ठेवण’ हे शब्द योग्य. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर ‘विनोद’ चालतो, पण तिथेही ‘आउट ऑफ ह्यूमर’ दिसले की थांबावे: त्या माणसाची विनोदबुद्धी संपलेली नसते, त्याचा फक्त मूड गेलेला असतो.